बोजा उतरला, पण पतनोंद?

कर्ज फिटले, सातबाऱ्यावरील बोजा उतरला, म्हणजे सारे मिटले असे आपण धरून चालतो. परंतु ट्रॅक्टरसाठी अर्ज केला, की बँक सातबाऱ्याबरोबर पतमाहिती अहवालही पाहते. सिबिलसह चार कंपन्या तो तयार करतात. त्यातील गुणांक ३०० ते ९०० असतो. बोजा महसूल दप्तरी उतरतो. पतनोंद मात्र कर्ज देणाऱ्या बँकेने कंपनीला कळवावी लागते, आणि नेमके तेच कधी कधी राहून जाते.

जास्त गैरसमज एकरकमी तडजोडीबाबत आढळतो. काही रक्कम सोडून बँकेने खाते मिटवले, तर अहवालात ‘क्लोज्ड’ न येता ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. तो पाहून पुढची बँक हात आखडते. ऐपत आल्यावर सुटलेली रक्कम भरावी, बेबाकी दाखला घ्यावा आणि शेरा बदलण्यास बँकेला लेखी कळवावे. जामीन राहिलेल्या कर्जाची थकबाकीही आपल्या अहवालात दिसू शकते. सही घेताना हे सांगतो कोण!

प्रत्येक कंपनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देते. चूक असल्यास दाखल्याची प्रत जोडून बँकेकडे व कंपनीकडे तक्रार करावी. ३० दिवसांत तिचे निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. खरी थकबाकी मात्र कोणताही एजंट पुसू शकत नाही. त्याला पैसे देऊ नयेत. ती फेडून पुढील पीककर्ज मुदतीत भरत गेल्यास गुणांक हळूहळू सावरतो. म्हणून अर्जाच्या दोन-तीन महिने आधीच अहवाल मागवावा.