अक्कलदाढेचा शेजार

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. त्यामुळे केसपेपरवरचे इंग्रजी वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे. अण्णांची अक्कलदाढ सुजली तेव्हा घाटकोपरहून दादर, तिथे गाडी बदलून मुंबई सेंट्रल, असे आम्ही 1933 साली स्थापन झालेल्या नायर दंत महाविद्यालयात गेलो. दात तो दात, चिमट्यात धरला की निघाला, ही माझी समजूत तिथल्या बाकावरच गळून पडली.

ही दाढ साधारण 17 ते 25 या वयात, सर्वांच्या शेवटी येते. तोवर जबड्यात जागा उरलेली नसते. सकाळच्या लोकलमध्ये घाटकोपरला चढणाऱ्यासारखी ती जमेल तशी, तिरकी-आडवी शिरते. कधी हाडातच अडकते. सर्जनला त्रास देतो तो दाढेपेक्षा तिचा शेजार. खालच्या जबड्यात पुढे कललेली दाढ त्यातल्या त्यात बरी. मागे कललेली फार हट्टी, कारण तिच्या निघण्याच्या वाटेवरच जबड्याचे उभे हाड असते. मग हाड कोरायचे, दाढेचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा काढायचा. मुळे वाकडी असली तर पाहायलाच नको! शिवाय मुळांखालून हाडातल्या नळीतून ओठ-हनुवटीची नस जाते आणि जिभेची नस आतल्या बाजूला अगदी लगत. तिला धक्का लागला तर ओठ किंवा जीभ बधिर होते. बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारते, क्वचित कायमची राहते. म्हणून आधी एक्स-रे.

वयाबरोबर हाडही कडक होत जाते. पण अण्णांचे घोडे त्याआधीच अडले. तोंडच उघडेना! निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. अण्णांची दोन जेमतेम. वीस वर्षांच्या सुपारीने गालांचे आतले अस्तर ताठ झाले होते. या विकाराचे ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव 1953 साली डॉ. एस. जी. जोशी यांनी रूढ केले. पुढे यातून कर्करोगही होऊ शकतो. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. साधी सुपारी मात्र कुठल्याही पानपट्टीवर मिळते. शेवटच्या दाढेपर्यंत हत्यारच पोचत नसेल तर हात कितीही कसबी असून काय उपयोग? आधी औषधे, तोंड उघडण्याचे व्यायाम, आणि मग कुठे दाढ निघाली, तीही तीन तुकड्यांत.

आता माझी पाळी. डावीकडची खालची दाढ पुढे कललेली आहे, नस जरा लांब दिसते. परीक्षा संपल्यावरची तारीख मिळाली आहे. अण्णा सोबत येणार आहेत. सुपारीची डबी घरी ठेवणार का, असे मी विचारले. त्यावर ते अजून काही बोललेले नाहीत.