चिठ्ठीवरचा आकडा

आम्ही लोक कुदळ न मारता बोगदे खणतो, असे सांगितले तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले. मग मी त्यांच्या आत्याबाईंचे उदाहरण घेतले.

म्हाताऱ्या आत्याबाई एकट्या परगावी निघाल्या, की त्यांच्या हाती चिठ्ठ्यांची चवड द्यायची. प्रत्येक मुक्कामी वरची चिठ्ठी दाखवायची, फाडायची, पुढे निघायचे. संदेशाच्या पाकिटावर आम्ही अशीच आकड्यांची चवड ठेवतो. जवळची वाट गर्दीची असेल, तर लांबची पण मोकळी वाट अशी नेमून देता येते. पूर्वी वाटेवरच्या प्रत्येक राउटरला प्रत्येक बोगद्याची नोंद ठेवावी लागे. सेगमेंट राउटिंगमध्ये (तिची रचना २०१८ साली आरएफसी ८४०२ म्हणून प्रसिद्ध झाली) सारी वाट प्रवाशाच्याच खिशात!

पंचाईत होते ती शिवेवर. शेजारच्या जाळ्यातल्या गल्ल्या आपल्याला दिसत नाहीत, आणि शेजाऱ्याला त्या दाखवायच्याही नसतात. म्हणून त्याचा वेशीवरचा राउटर आपल्याला एकच आकडा देतो. त्याला 'बाइंडिंग सिड' म्हणतात. तो दाखवला, की राउटर ती चिठ्ठी फाडून आपल्या गावची पुरी चवड वर ठेवतो.

२०२२ च्या दिवाळीत असा एक बोगदा माझ्याकडे होता. अलीकडे एक लहान इस्पितळ, पलीकडे शहरातले डॉक्टर. रात्री काढलेल्या स्कॅनची चित्रे त्यांच्याकडे जात. वेशीवरचा आकडा होता २४०११. वसुबारसेच्या रात्री तिथला राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि त्याने खुशाल नवा आकडा घेतला. माझी पाकिटे जुना आकडा घेऊन वेशीपर्यंत जात आणि तिथेच केरात पडत.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) माझ्या पडद्यावर बोगदा 'चालू' होता. वाट नुसत्या आकड्यांत लिहिलेली असली, की निघतानाचा राउटर एरवी पहिला आकडा तेवढा पडताळतो. पुढचे सारे विश्वासावर. ४० मिनिटे मी "आमच्याकडे सर्व ठीक आहे" असेच सांगत होतो.

"ठीक आहे म्हणता साहेब, पण डॉक्टरांना अजून एकही चित्र दिसलेलं नाही. पेशंट तसाच पडून आहे," फोनवरच्या सिस्टर म्हणाल्या.

मी बोगदा मोडला आणि पाकिटे नेहमीच्या गर्दीच्या वाटेने सोडली. चित्रे रखडत का होईना, पोचली.

आता शेजाऱ्याकडून कायमचा आकडा नेमून घेतला आहे, १५०४१. शिवाय यंत्र या टोकाहून त्या टोकाला सतत हाक मारते. ओ आली नाही तर दुसरी वाट धरते. हे आधीच करायला हवे होते.

सासूबाईंनी चकलीचे ताट पुढे सरकवीत विचारले, "मग आत्याबाई पोचल्या ना?"

"पोचल्या. रात्री पावणेदोनला."