ॲमिओडॅरोन: लांब मुक्कामाची गोळी

हृदयाचा ताल बिघडल्यावर दिल्या जाणाऱ्या औषधांत ॲमिओडॅरोन हे सगळ्यांत जोरकस आणि सगळ्यांत जास्त लक्ष ठेवावं लागणारं औषध. इतर गोळ्यांना न जुमानणारी धडधड ती आटोक्यात आणते. हृदय आधीच कमजोर असेल तर यातली बरीच औषधं देता येत नाहीत, तिथेही ही चालते. त्या बदल्यात ती थायरॉइड, फुप्फुसं, यकृत, डोळे आणि कातडी यांच्यावर आपली खूण सोडू शकते. घरात कुणाला ही गोळी चालू असेल, तर ती शरीरात गेल्यावर काय करते हे समजून घेतलेलं बरं. ते समजलं की एरवी जाचक वाटणाऱ्या तपासण्यांमागचं कारणही कळतं.

आधी हृदयाची वीज. उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो दर ठोक्याला विजेची एक लाट सोडतो. ती वरच्या कप्प्यांतून पसरते, मधल्या गाठीत क्षणभर थबकते आणि खालच्या कप्प्यांत उतरते. लाट गेल्यावर प्रत्येक पेशी काही क्षण बधिर असते, त्या वेळात तिला दुसरी लाट पकडता येत नाही. ताल बिघडतो तेव्हा भलत्याच जागेवरून लाटा सुटतात किंवा एकच लाट गोल गोल फिरत राहते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात ‘एएफ’ म्हणतात त्यात, वरचे कप्पे नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांत असा गोंधळ झाला, तर तो मिनिटांत जीव घेऊ शकतो.

ॲमिओडॅरोनचं मुख्य काम म्हणजे पेशींच्या भिंतीतले पोटॅशियमचे मार्ग अडवणं. त्यामुळे पेशीचा बधिरपणाचा काळ लांबतो आणि भटकी लाट आली तरी तिला पुढे सरकायला तयार पेशी सापडत नाही. शिवाय ती सोडियम आणि कॅल्शियमचे मार्ग थोडे थोडे रोखते आणि ॲड्रिनलिनचा जोरही कमी करते. एवढी चौफेर पकड दुसऱ्या औषधांत क्वचितच दिसते.

ही गोळी तालासाठी शोधलेलीच नव्हती. इजिप्तमध्ये मुतखड्याच्या कळांवर एक रानटी वनस्पती फार पूर्वीपासून देत. तिच्यातल्या खेलिन या द्रव्याने छातीतली कळही थांबते, हे कैरोत काम करणारे शास्त्रज्ञ ग्लेब ॲन्रेप यांच्या 1940 च्या दशकात लक्षात आलं. त्या धाग्यावर काम करत 1961 मध्ये बेल्जियममधल्या लाबाझ कंपनीने ॲमिओडॅरोन तयार केलं, तेही अंजायनासाठी, म्हणजे हृदयाच्या त्या छातीतल्या कळेसाठी. ठोक्यांवरचा तिचा खरा गुण 1970 मध्ये ऑक्सफर्डला ब्रामा सिंग आणि माइल्स व्हॉन विल्यम्स यांनी दाखवला. सिंग भारतीय वंशाचे, फिजीत वाढलेले. अमेरिकेत 1985 मध्ये मान्यता मिळाली ती खालच्या कप्प्यांतल्या जीवघेण्या बिघाडासाठी. एएफसाठी ती आज जगभर दिली जाते, ते डॉक्टरांच्या साठलेल्या अनुभवाच्या आणि नंतरच्या अभ्यासांच्या जोरावर.

तालाच्या औषधांबद्दल एक गोष्ट रुग्णाला सहसा कुणी सांगत नाही: ताल सुधारणारं औषध कधी कधी स्वतःच ताल बिघडवतं. 1989 मध्ये ‘कास्ट’ नावाच्या अभ्यासात हे फार कटू रीतीने दिसलं. हार्ट ॲटॅकनंतर जादा ठोके पडणाऱ्या रुग्णांना फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधं दिली. कार्डिओग्रामवरचे जादा ठोके गेले, पण नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांत मृत्यू जास्त झाले. तेव्हापासून कागदावरची रेघ सुधारली म्हणून माणूस सुधारला असं कुणी शहाणा डॉक्टर मानत नाही.

आता ॲमिओडॅरोनच्या खास स्वभावाकडे. ही गोळी चरबीत विरघळते, त्यामुळे रक्तात न थांबता ती चरबी, यकृत, फुप्फुसं, कातडी अशी सगळीकडे जाऊन मुरते. कोरा माठ आधी स्वतःच पाणी पितो आणि मग पाणी गार करायला लागतो, तसं शरीर आधी औषध पिऊन घेतं. म्हणून सुरुवातीला मोठा डोस देतात: बहुतेक वेळा 200 मिलिग्रॅमची गोळी आठवडाभर दिवसातून तीनदा, पुढचा आठवडा दोनदा, मग रोज एक. हॉस्पिटलमध्ये याहून जास्तही देतात. एकूण 10 ग्रॅमच्या आसपास औषध पोटात गेल्याशिवाय तिचा पूर्ण असर दिसत नाही. ‘पंधरा दिवस झाले, तरी धडधड आहेच’ अशी तक्रार म्हणूनच घाईची ठरते.

बाहेर पडायलाही ती तितकीच सावकाश. शरीरातलं औषध निम्मं व्हायला सरासरी दोन महिने लागतात, काहींना त्याच्या दुप्पट. एक दिवस गोळी राहिली तर काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी दोन मात्र घेऊ नयेत. (हा दिलासा फक्त या गोळीपुरता. मेटोप्रोलॉलसारखी गोळी अचानक तोडली तर धडधड आणि छातीतलं दुखणं उसळून येऊ शकतं, आणि रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांचा असर तर दिवसभरातच ओसरतो.) जेवणानंतर घेतली की ॲमिओडॅरोन जास्त शोषली जाते आणि मळमळही कमी होते. त्यामुळे रोज एकाच पद्धतीने घ्यावी. चतुर्थी-एकादशीला उपाशीपोटी घेण्यापेक्षा फराळानंतर घेतलेली बरी.

थायरॉइडचं प्रकरण जरा सविस्तर पाहण्यासारखं आहे. 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडिन असतं. आपल्याकडच्या नियमानुसार आयोडिनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना ग्रॅममागे किमान 15 मायक्रोग्रॅम आयोडिन असावं लागतं. हिशेब केला तर एका गोळीतलं आयोडिन पाच किलो मिठाइतकं! त्यातलं सगळं सुटं होत नाही, पण रोज सहा-सात मिलिग्रॅम तरी होतं. मोठ्या माणसाची रोजची गरज आहे 150 मायक्रोग्रॅम, म्हणजे हे चाळीसपट झालं. तेव्हा ही गोळी घेणाऱ्याने आयोडिनचं मीठ सोडून सैंधव सुरू करण्यात काही अर्थ नाही. मिठातल्या आयोडिनची या हिशेबात गणतीच नाही.

इतक्या आयोडिनापुढे काहींची थायरॉइड ग्रंथी काम मंदावते. थकवा, वजन वाढणं, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं अशी लक्षणं दिसतात. वय झालं म्हणून ती सोडून दिली जातात. यावर उपाय सोपा आहे: ॲमिओडॅरोन चालू ठेवून थायरॉक्सिनची गोळी जोडतात. उलटा प्रकार, म्हणजे ग्रंथी भडकणं, जास्त त्रासाचा. वजन उतरतं, हात कापतात, आटोक्यात आलेली धडधड परत येते. पण ॲमिओडॅरोन स्वतःच ठोके मंद ठेवत असल्याने ही लक्षणं कधी झाकलेली राहतात. रक्त पातळ करायची वॉरफरिन घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा) काही कारण नसताना वर गेला, तर तीसुद्धा थायरॉइड भडकल्याची पहिली खूण असू शकते. हे दुरुस्त करायला तज्ज्ञच लागतो.

आणखी एक बारकावा. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला मुख्य आकडा) थोडा वर जाणं स्वाभाविक आहे, पुढे तो आपोआप खाली येतो. लॅबच्या कागदावर आकडा ठळक छापून आला म्हणून लगेच थायरॉइडची गोळी सुरू करायचं कारण नसतं. म्हणूनच गोळी सुरू होण्याआधीचा रिपोर्ट हाताशी हवा. तो नसेल तर पुढचे आकडे कशाशी ताडून पाहायचे?

खरी भीती फुप्फुसांची. तिथे सूज येते आणि वेळीच लक्षात आली नाही तर फुप्फुस आखडतं. मोठा डोस घेणाऱ्यांत किंवा वर्षानुवर्षं गोळी चालू असलेल्यांत धोका जास्त, पण रोज एक गोळी घेणाऱ्यांतही हे होतं. सुरुवात अगदी साधी असते: कोरडा खोकला, जिना चढताना आधी न लागणारा दम, कधी बारीक ताप. आपल्याकडे खोकल्याला धूळ, हवापालट, ॲलर्जी अशी कारणं तयारच असतात, फार तर टीबीची शंका येते. ‘मला ॲमिओडॅरोन चालू आहे’ हे एक वाक्य खोकल्याच्या डॉक्टरांना न सांगितल्याने महिने वाया जातात. त्रास फुप्फुसांचाच निघाला तर गोळी बंद करून स्टेरॉइड देतात, आणि तेही घाईने उतरवत नाहीत, कारण औषध अजून अंगात असतं.

डोळ्यांचं तितकं घाबरण्यासारखं नाही. गोळी काही महिने घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या बुबुळावर बारीक कण साठतात. एखाद्याला रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडं दिसतं, इतकंच. नजर एकाएकी अंधूक झाली तर मात्र त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. तो प्रकार वेगळा, दुर्मिळ आणि नजर घालवणारा आहे.

कातडी उन्हाला हळवी होते. काही मिनिटांच्या उन्हातही चेहरा आणि हाताची पाठ भाजल्यासारखी चुरचुरते, आणि हे किरण काचेतून आत येतात म्हणून एसटीच्या खिडकीशी बसूनही त्रास होतो. लांब बाह्या, छत्री आणि झिंक ऑक्साइड असलेलं क्रीम वापरावं. वर्षानुवर्षं गोळी घेतलेल्या काहींचा चेहरा निळसर-राखी पडतो. गोळी थांबल्यावर तो रंग जातो, पण फार सावकाश.

यकृतासाठी रक्तातला एसजीपीटी पाहतात. तो नॉर्मलच्या दुपटीहून वर गेला तर डोस कमी करायचा का बंद करायचा, याचा विचार होतो. हात थरथरणं, पायात मुंग्या येणं, चालताना तोल जाणं हेही या गोळीने होतं. डोस कमी केला की बऱ्याचदा सुधारतं. ‘पार्किन्सनची सुरुवात’ असं घरात ठरवून टाकण्याआधी गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करावी.

त्या पिशवीत बहुधा रक्त पातळ करायची गोळी असतेच, कारण एएफमध्ये थरथरत्या कप्प्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. संधिज्वराने मायट्रल व्हॉल्व्ह आखडलेले रुग्ण आपल्याकडे बरेच आहेत. अशांना आजही वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमसारखी जुनी गोळीच देतात. ॲमिओडॅरोन सुरू झाली की वॉरफरिनची गरज काही आठवड्यांत तिसऱ्या हिश्शाने ते निम्म्याने कमी होते. डोस तोच ठेवला तर हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं. म्हणून सुरुवातीचे दीड-दोन महिने आयएनआर दर आठवड्याला पाहायला हवा. डिगॉक्सिन चालू असेल तर त्याचा डोसही बहुतेकदा निम्म्यावर आणावा लागतो. नाही तर मळमळ, जेवण नकोसं होणं, सगळं पिवळट दिसणं सुरू होतं. सिमव्हास्टॅटिन 20 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

काउंटरवरून सहज उचलली जाणारी औषधं यापेक्षा फसवी. ॲमिओडॅरोन हृदयाच्या विजेचा एक भाग मुळातच लांबवते. त्यात अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा उलटीवरची ऑन्डान्सेट्रॉन पडली की तो आणखी लांबतो आणि धोकादायक ठोके सुटू शकतात. ॲसिडिटीच्या किती तरी गोळ्यांत पॅन्टोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन मिसळलेलं असतं, तेही याच रांगेतलं. जुलाबाने किंवा लघवीच्या गोळीने पोटॅशियम घसरलं असेल, तर धोका दुप्पट समजा. ज्येष्ठमधाचा काढा महिनाभर घेतला तरी पोटॅशियम उतरतं, ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून तो वगळून चालत नाही. ग्रेपफ्रूटने या औषधाची रक्तातली पातळी वाढते. पपनस त्याच कुळातलं, तेव्हा तेही टाळावं.

हे सगळं वाचून गोळी बंद करावीशी वाटेल. ते मात्र स्वतःच्या मनाने करू नये. ज्याच्या खालच्या कप्प्यांतला बिघाड या गोळीने रोखला आहे, त्याच्यासाठी तिचे दुष्परिणाम हा परवडणारा सौदा असतो. प्रश्न विचारायचा तो वेगळाच: ही अजून लागते का, आणि 200 ऐवजी 100 मिलिग्रॅम पुरेल का? बायपासनंतर काही आठवड्यांसाठी दिलेली गोळी ‘मागचंच चालू ठेवा’ या तीन शब्दांवर पाच वर्षं चालू राहते, ही आपल्याकडची खरी गोची आहे. सर्जन एका शहरात, फॅमिली डॉक्टर दुसऱ्या, चिठ्ठी केमिस्टकडे. मग तपासणीची आठवण ठेवायची कुणी? माझ्या मते ती जबाबदारी आज तरी घरच्यांनीच उचलावी लागते. टीएसएच आणि एसजीपीटी दर सहा महिन्यांनी, कार्डिओग्राम आणि छातीचा एक्स-रे वर्षातून एकदा, हे वहीत लिहून ठेवावं. मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला शिकावं. ती पन्नासच्या खाली असेल आणि चक्करही येत असेल, किंवा माणूस बेशुद्ध पडला, तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठावं. दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईने आधीच सांगावं, कारण पोटातल्या बाळाच्या थायरॉइडलाही हे आयोडिन पोचतं.

डॉक्टरांनी गोळी थांबवली तरी पुढचं वर्षभर प्रत्येक नव्या डॉक्टरांना, दातांच्यासुद्धा, ‘अमुक महिन्यापर्यंत ॲमिओडॅरोन घेत होतो’ असं सांगत राहा. थायरॉइडचा बिघाड गोळी बंद झाल्यावर काही महिन्यांनीही होऊ शकतो, म्हणून टीएसएच तेवढा काळ तपासत राहावा.