दांत कोरतांना उपजणारी उष्णता

सुताराचें गिरमिट लांकडांत फिरूं लागलें कीं त्याचें टोंक तापतें. दंतवैद्य किडलेला दांत कोरतो तेव्हां घडतें तेंही याहून निराळें नाहीं. घर्षण आलें कीं उष्णता आलीच. प्रश्न एवढाच कीं, ती जाते कोठें?

दांत बाहेरून दगडासारखा दिसला तरी आंतून सजीव असतो. त्याच्या मध्यभागीं रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनीं भरलेला मऊ गर असतो. ह्यालाच आपण व्यवहारांत दांताची नस म्हणतों. हा गर चहूंबाजूंनीं कठीण भिंतींत कोंडलेला असल्यामुळें त्यास सूज आली तर फुगावयास जागाच मिळत नाहीं. १९६५ सालीं झाक व कोहेन या संशोधकांनीं माकडांच्या दांतांवर प्रयोग केले. गराचें उष्णतामान ५.५ अंश सेंटिग्रेडनें वाढविलें तेव्हां शेंकडा १५ दांतांचा गर पुन्हां सुधारला नाहीं. ११ अंशांनीं वाढविलें तेव्हां हेंच प्रमाण शेंकडा ६० वर गेलें.

जेम्स मॉरिसन यानें १८७१ सालीं अमेरिकेंत पायानें चालविण्याच्या कोरणीयंत्राचें पेटंट घेतलें. १९५७ सालीं हवेच्या झोतानें फिरणारें यंत्र आलें आणि फेऱ्यांची संख्या मिनिटास २,००,००० च्या वर गेली. काम झटपट होऊं लागलें. परंतु पाण्याच्या फवाऱ्याची गरजही तितकीच वाढली.

याहून फसवा प्रकार नस काढलेल्या दांताचा. अशा दांतावर टोपी बसविण्यापूर्वीं कधीं कधीं मुळांत खुंटी रोवावी लागते, व तीसाठीं मुळाची पोकळी कोरावी लागते. त्या अरुंद विवरांत पाणी खोलवर पोंचणें कठीण. शिवाय नसच नसल्यामुळें आंतून कळ येत नाहीं. मुळाभोंवतालचें हाड मात्र जिवंतच असतें. भोंवतींचें रक्ताभिसरण कांहीं उष्णता वाहून नेतें, तरी त्यालाही मर्यादा आहे. १९८३ सालीं स्वीडनमधील एरिक्सन व आल्ब्रेक्टसन यांनीं सशांच्या हाडांवर केलेल्या प्रयोगांत ४७ अंश उष्णता एक मिनिटभर टिकली तरी हाडास इजा होते असें आढळलें. म्हणजे शरीराच्या स्वाभाविक उष्णतेपेक्षां अवघे दहा अंश अधिक!

उपाय साधेच आहेत. कोरणी धारदार असावी, तिच्यावर भार हलका असावा, मधून मधून ती बाहेर काढावी आणि जेथें पोंचेल तेथें पाण्याची धार सोडावी. तोंडांत पाणी सांचतें म्हणून पुष्कळ रोगी कंटाळतात व फवारा बंद करावयास सांगतात. वाचकांनीं तसें करूं नये. फार झालें तर हात वर करून क्षणभर थांबण्याची खूण करावी. त्या विसाव्यांत दांतही निवतो. बधिर केलेल्या किंवा निर्जीव दांताला स्वतःचें दुःख सांगतां येत नाहीं; त्याच्या वतीनें ही काळजी वैद्य आणि रोगी या दोघांनींच वाहिली पाहिजे.