नाथसागराला वळसा, पण वाट पाणी ठरवणार

ग्रॅव्हल बाइक म्हणजे शर्यतीच्या सायकलीने कच्च्या रस्त्याशी केलेला संसार. हँडल खाली वळलेले, चौकट हलकी, टायर मात्र जाड. साधारण ३८ ते ४५ मिलिमीटर. आता आपल्याकडची काळी, अठ्ठावीस इंची सायकल आठवा. तिच्या टायरवर दीड इंच रुंदी छापलेली असते, म्हणजे चाळीसेक मिलिमीटर! दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून पैठणच्या वाटेने वर्षानुवर्षे जाणारा दूधवाला ग्रॅव्हलवरच चालला होता. त्याला कोणी पदक दिले नाही, एवढाच फरक.

ग्रॅव्हल म्हणजे खडी, असे शब्दकोश सांगतो. पण नुसत्या खडीवर सायकल चालवून पाहा, शंभर मीटरमध्ये हौस फिटेल. आपल्याकडे या खेळाला साजेसा शब्द आहे मुरूम. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हा पसरला, त्याचा बेसॉल्ट झाला, बेसॉल्ट झिजून मुरूम झाला. म्हणजे पैठणच्या धरणामागच्या नाथसागर जलाशयाच्या काठाने जाताना चाकाखाली जे करकरते, तो थंड झालेला ज्वालामुखी आहे.

पैठण आणि भडोचच्या गाड्या

छत्रपती संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर. कच्च्या वाटेशी या गावाचे नाते फार जुने. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी वाटाड्यात पैठण भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या अंतरावर असल्याची नोंद आहे. तांबडा अकीक इथून गाड्यांत भरून भडोचला जायचा, आणि तोही धड रस्ता नसलेल्या मुलखातून. दोन हजार वर्षांपूर्वीची रस्त्याबद्दलची तक्रार पाहून मराठवाड्याच्या माणसाला गहिवरूनच यावे!

आज अशाच कच्च्या वाटांवर हौसेने शर्यती होतात. जगातली बहुधा सर्वांत गाजलेली ग्रॅव्हल शर्यत अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी होते. २००६ साली सुरू झालेली ही शर्यत २०० मैलांची, म्हणजे ३२० किलोमीटरची. तिथल्या टेकड्यांवरची धारदार गारगोटी टायर फाडण्यासाठी बदनाम आहे. ती गारगोटी आणि पैठणचा अकीक, दोन्ही सिलिकाचीच रूपे. एका चुलत भावाचे मणी झाले, दुसऱ्याने पंक्चरचा धंदा धरला. या खेळाची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मात्र अगदी अलीकडे, २०२२ मध्ये इटलीत झाली.

धरण कुठले, नाव कुठले

पैठणच्या धरणाचे नाव जायकवाडी का? कारण मूळ आराखड्यातली जागा बीड जिल्ह्यातल्या जायकूचीवाडीची होती. पुढे जागा गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठणपर्यंत सरकली, नाव मात्र गाव सोडून सोबत आले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. मातीची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब, दरवाजे २७. (भिंतीवरून सायकल दामटण्याचा विचार आधीच सोडून द्या, ती फेरफटक्याची जागा नव्हे.) मागे पसरला तो नाथसागर, संत एकनाथांच्या नावाचा.

खरी गंमत पुढे आहे. तुडुंब भरल्यावर नाथसागर जवळपास ३५० चौरस किलोमीटर पसरतो. मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या निम्म्याहून जास्त. पाणीसाठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजेच १०२ टीएमसीच्या वर. भागाकार केला तर सरासरी खोली येते जेमतेम आठ मीटर. समुद्र म्हणावा एवढा विस्तार, पण काम परातीचे. परातीतले पाणी बोटभर उतरले तरी काठ किती उघडा पडतो? तसेच इथे होते. पाणी थोडे खाली गेले की काठ दूरवर आत सरकतो, मागे गाळाची जमीन उरते, तिच्यावर गाळपेर होते, मेंढ्यांचे कळप उतरतात. ऑक्टोबरात जिथे मासे पोहत होते तिथे मे महिन्यात गाडवाट.

म्हणून या जलाशयाभोवतीचा पक्का ‘रूट’ कोणी विकत असेल तर घेऊ नका. बाहेरचा डांबरी वळसा पैठण, शेवगाव, नेवासे, कायगाव टोके असा दोन जिल्ह्यांतून फिरतो, तो कायमचा. आतली मुरमाची वाट मात्र दरवर्षी नवी. धरणात शंभराहून अधिक गावे गेली, त्यांचे जुने रस्ते कोणी गुंडाळून ठेवले नाहीत. एखादी सरळसोट वाट सायकल मजेत नेते आणि थेट पाण्यात शिरते. ती चुकलेली नसते. ती तिच्या गावाला निघालेली असते.

चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी पाडलेली घळ. चाकोरीबाहेर पडायचे म्हणून शहरातली मंडळी हजारो रुपयांची सायकल घेतात आणि येऊन अक्षरशः चाकोरीतच चाक घालतात!

चढाची धास्ती असेल त्यांच्यासाठी कॅनॉल. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. पाणी आपोआप वाहत राहावे म्हणून कालव्याला अगदी मंद उतार देतात. साहजिकच त्याच्या कडेची मातीची वाटही जवळपास सपाट. फक्त वारा समोरून असेल तर हे गणित चुकते.

शत्रू नंबर एक: सराटा

वाघ नाही, बिबट्या नाही. इथे सायकलवाल्याला आडवा येतो तो सराटा, म्हणजे गोखरू. आयुर्वेदात औषध, टायरला विष. फळाची रचनाच अशी की जमिनीवर कसेही पडले तरी एक काटा वर. अमेरिकेतले सायकलस्वार याच काट्याला ‘बकऱ्याचे डोके’ म्हणून शिव्या देतात. तिकडे ही वनस्पती जुन्या जगातून, म्हणजे आपल्याच बाजूने पोचली. सराटा चुकवलात तर वेडी बाभूळ आहेच.

आणि पावसाळ्यात काळी माती. पाणी प्याली की फुगते, चाकाला चिकटते, मडगार्डमध्ये भरते, आणि सायकल खांद्यावर घेऊन चालायची वेळ येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. शिवाय तेव्हा शेतात हुरडा असतो, ही बाबही दुय्यम समजू नये.

सात हजार मीटरवरून आलेले पाहुणे

१९८६ मध्ये या जलाशयाचा सुमारे ३४१ चौरस किलोमीटर परिसर पक्षी अभयारण्य झाला. खोली कमी, काठ उथळ, गाळ भरपूर. पाणथळ पक्ष्यांना आणखी काय हवे? चक्रवाक येतात, थापट्या येतात, तलवार बदक येतात, चोच उलटी करून चिखल गाळणारे रोहितही येतात. रोहिताचा गुलाबी रंग जन्मजात नव्हे, खाण्यातून येतो. पट्टकादंबाचे कौतुक वेगळेच. मंगोलिया-तिबेटकडून हा हंस हिमालय ओलांडून येतो आणि त्याचे उड्डाण सात हजार मीटरच्याही वर नोंदले गेले आहे. आपण एका उड्डाणपुलाला धापा टाकतो.

सालिम अली यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा नाथसागर नव्हताच. छत्रपती संभाजीनगरातल्या दिल्ली दरवाजाजवळच्या खिजरी तलावाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. पहाटे सालिम अली सरोवराला नमस्कार करून नाथसागराकडे निघणे, यापेक्षा चांगला आरंभ आमच्या मते नाही.

निघण्याआधी धरणाचा टक्का पाहा. १५ ऑक्टोबरला ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, या हिशेबावर नगर-नाशिक आणि मराठवाड्याची वारंवार जुंपते. तुमची वाटही त्याच टक्क्यावर ठरते. पक्षी असतील तिथे काठाच्या बऱ्याच आधी उतरा, सायकल हाताने न्या, थवा उठवून फोटो काढू नका. आणि दुर्बीण हँडलला बांधू नका, गळ्यात घाला. मुरमाच्या हादऱ्यांनी तिची भिंगे जागा सोडतात.