रॅम बसली, पण जुळली का?

दवाखान्यातला, शाळेच्या कार्यालयातला किंवा घरातला जुना डेस्कटॉप रखडू लागला की सल्ला ठरलेला असतो : रॅम वाढवून घ्या. सल्ला बहुतेक वेळा बरोबरही असतो. ४ जीबी रॅमच्या संगणकावर ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडले की जागा संपते, मग संगणक जास्तीचा मजकूर हार्डडिस्कवर ठेवू-काढू लागतो आणि माऊसच्या प्रत्येक क्लिकनंतर वाट पाहावी लागते. गोंधळ होतो तो दुकानात गेल्यावर. ग्राहक विचारतो, ‘८ जीबी केवढ्याला?’ विचारायला हवे ते हे, की या मदरबोर्डला कोणती रॅम चालते?

रॅमच्या पिढ्या आहेत. डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, डीडीआर४ १.२ वर, डीडीआर५ १.१ वर. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये जात नाही, कारण तळाची खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलेली असते. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, तरी खाच निराळी. ही चूक स्वस्तात सुटते. अंगठ्याने जोर लावून स्लॉट मोडला नाही, तर पट्टी परत करता येते. महाग पडते ती व्यवस्थित बसणारी पण न जुळणारी पट्टी.

उदाहरण म्हणून इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर आणि एच८१ चिपसेट असलेला डेस्कटॉप घेऊ. २०१३ नंतर आलेली ही यंत्रे आजही अनेक टेबलांवर आहेत. त्यांना डीडीआर३ लागते. स्लॉट दोन, प्रत्येकात जास्तीत जास्त ८ जीबी. १६ जीबीची एकच पट्टी आणून एक स्लॉट मोकळा ठेवण्याचा बेत इथे फसतो. ऑनलाइन बाजारात ८ जीबीच्या काही पट्ट्या संशयास्पद स्वस्त दिसतात. वर्णनात कुठेतरी बारीक अक्षरात ‘फक्त एएमडीसाठी’ असे असते. त्या इंटेलच्या या यंत्रात चालत नाहीत. तिसरा सापळा सर्व्हरमधून काढलेल्या पट्ट्यांचा. खाच तीच, पिना त्याच, पण साध्या डेस्कटॉपवर पडदा काळाच राहतो. ओळखायची खूण लेबलवर असते : १२८०० सारख्या आकड्याला लागून इंग्रजी ‘यू’ असेल तर पट्टी डेस्कटॉपची, ‘आर’ असेल तर सर्व्हरची. दुकानदार ‘चालेल हो’ म्हणाला तरी लेबल स्वतः वाचावे.

वेगाची तडजोड संगणक स्वतःच करतो. १३३३ आणि १६०० वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही सहसा १३३३ वर चालतात. ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ च्या दोन सारख्या पट्ट्या बऱ्या, कारण प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो. आज आत काय आहे हे पाहायला कॅबिनेट उघडावे लागतेच असे नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग आणि भरलेल्या स्लॉटची संख्या दिसते. मात्र हातात मावतील एवढ्या छोट्या डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा लॅपटॉपची आखूड पट्टी असते, हे खरेदीपूर्वी पाहावे. आणखी एक हिशेब : चौथ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा यंत्रावर फार पैसे घालण्यात अर्थ नाही.

रक्तपेढीत गट जुळतो, क्रॉसमॅच जुळते, तरी एखाद्या रुग्णात आठवडाभराने कावीळ दिसते आणि दिलेल्या रक्तातल्या पेशी फुटत असल्याचे कळते. अर्धवट जुळलेल्या किंवा सदोष रॅमचेही असेच. संगणक सुरू होतो, आठवडाभर नीट चालतो, मग मधेच निळा पडदा, न उघडणारी फाइल. त्याहून वाईट म्हणजे काहीच न दिसता बदललेला आकडा. रॅममध्ये एक बिट उलटला तर काय होते, हे २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक इथल्या मतमोजणीत दिसले. तिथे एका उमेदवाराला ४०९६ मते जादा मिळाली. आकडा अशक्य होता म्हणूनच तो लक्षात आला. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात बरोबर एका बिटाची किंमत. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही. मेमरीतला एक बिट आपोआप उलटला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. तिथे पट्टी चुकीची होती असे नाही. पण रुग्णाच्या नोंदीत क्रिॲटिनिनचा आकडा असा बदलला आणि नवा आकडा शक्य कोटीतला असला, तर तो कुणाच्या लक्षात येणार? सर्व्हरच्या मेमरीत अशी चूक पकडून दुरुस्त करण्याची सोय असते, घरगुती डेस्कटॉपमध्ये ती सहसा नसते.

पट्टी बसवताना वीज बंद करून वायर काढावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. सुमारे ३००० व्होल्टच्या आतला स्थिरविद्युत झटका माणसाला जाणवतही नाही. चिप बिघडायला त्याहून पुष्कळ कमी पुरतो. दोन्ही बाजूंचे किंवा एका बाजूचे खटके ‘टक’ वाजून बंद व्हायला हवेत. मग विंडोज मेमरी डायग्नोस्टिक किंवा मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवावे. सकाळी एक जरी चूक दिसली तरी पट्टी काढून, पुसून, पुन्हा बसवून चाचणी घ्यावी. चूक परत आली तर दुकानदाराकडे जावे, म्हणून परतीची मुदत बिलावर लिहून घ्यावी आणि चाचणी त्या मुदतीतच उरकावी.