लॅकोनिया आणि कप्तान हार्टेनश्टाइन

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडी कप्तानांची मोजदाद बुडवलेल्या जहाजांच्या टनांत होते. त्या हिशेबात वेर्नर हार्टेनश्टाइनच्या नावावर वीसेक जहाजं आहेत. मला मात्र हा माणूस महत्त्वाचा वाटतो तो सप्टेंबर १९४२मधल्या चार दिवसांमुळे.

तो हळव्या मनाचा नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याने यू-१५६ ही पाणबुडी कॅरिबियनमधल्या अरुबा बेटाच्या तोंडाशी नेली, तेलवाहू जहाजांवर टॉर्पेडो सोडले आणि तेलशुद्धीकरण कारखान्यावर तोफ रोखली. घाईत तोफेच्या तोंडाचं झाकण काढायचं राहिलं. पहिलाच गोळा नळीत फुटला. एक खलाशी दगावला, एका अधिकाऱ्याचा पाय गेला. हार्टेनश्टाइनने नळीचा फाटलेला भाग करवतीने कापायला लावला आणि त्याच आखूड तोफेने पुढची जहाजं गाठली.

१२ सप्टेंबरच्या रात्री आफ्रिकेच्या पश्चिमेला, भर अटलांटिकमध्ये त्याने ‘लॅकोनिया’ हे सशस्त्र ब्रिटिश जहाज टिपलं. अंधारात पाण्यातून हाका येऊ लागल्या, त्या इटालियन भाषेत. जहाजावर सुमारे २,७०० माणसं होती. त्यांतले जवळपास १,८०० इटालियन युद्धकैदी, म्हणजे जर्मनीच्या मित्रदेशाचे सैनिक. शिवाय बायका-मुलंही होती. तेवढे इटालियन उचलून तो निघून गेला असता, तर कोणी विचारलं नसतं. त्याने इंग्रजांनाही वर घेतलं. पाणबुडीत आणि डेकवर मिळून दोनशेच्या आसपास माणसं झाली, तेवढीच मागे दोराने बांधलेल्या होड्यांत. मग त्याने उघड इंग्रजीत रेडिओवरून कळवलं: मदतीला येणाऱ्या जहाजावर, माझ्यावर हल्ला झाला नाही तर, मी हल्ला करणार नाही. स्वतःचा ठावठिकाणा शत्रूला सांगणं हे पाणबुडीवाल्यासाठी जिवावरचं धाडस होतं.

१६ सप्टेंबरला असेन्शन बेटावरून अमेरिकी लिबरेटर विमान आलं. डेकवर रेडक्रॉसचा मोठा झेंडा पसरलेला होता. वाचलेल्यांपैकी एका ब्रिटिश अधिकाऱ्याने दिव्याने संदेशही दिला. विमानाने तळाला विचारलं, उत्तर आलं: बुडवा. एक बॉम्ब होड्यांमध्येच पडला. हार्टेनश्टाइनने दोर तोडले, माणसं उतरवली आणि बुडी मारली. दोस्त राष्ट्रांच्या तळावरून सुटलेला हा हुकूम मला आजही समर्थनीय वाटत नाही.

उरलेल्यांतल्या बहुतेकांना इतर पाणबुड्या आणि फ्रेंच जहाजांनी वाचवलं. तरी एकूण सुमारे १,६०० माणसं गेली. दोन होड्या मात्र भरकटल्या. एक २७ दिवसांनी आफ्रिकेला लागली तेव्हा ६८पैकी १६ जण जिवंत होते.

१७ सप्टेंबरला जर्मन पाणबुडीदलाचा प्रमुख अॅडमिरल डोनित्झने फर्मान काढलं: यापुढे बुडालेल्या जहाजांवरच्या कोणालाही वाचवायचं नाही. त्याच दिवशी हार्टेनश्टाइनला नाइट्स क्रॉस मिळाला. ८ मार्च १९४३ रोजी बार्बाडोसच्या पूर्वेला अमेरिकी विमानाने यू-१५६ बुडवली, तिच्यावरचं कोणीही परतलं नाही.

युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्हे खटल्यात डोनित्झविरुद्ध तेच फर्मान पुढे आलं. तेव्हा अमेरिकेच्या अॅडमिरल निमित्झ यांनी लेखी जबानी दिली, की पाणबुडीला धोका असेल तर पॅसिफिकमध्ये अमेरिकी पाणबुड्याही शत्रूच्या माणसांना वाचवत नसत. डोनित्झला दहा वर्षांची कैद झाली. पाणबुडीयुद्धाचे नियम मोडल्याचा दोष मात्र न्यायालयाने शिक्षा ठरवताना धरला नाही.